नट किती उंच असावा?

पुण्याच्या व्ही. बी. भंडारी यांचं ‘डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स’ हे पुस्तक महाराष्ट्रातल्या बहुतेक मेकॅनिकल इंजिनिअरांच्या हाताखालून गेलेलं असतं. त्यात बोल्टच्या प्रकरणात एक छोटं गणित आहे. बोल्ट ओढून तुटायला जेवढं बळ लागतं, तेवढ्याच बळाला त्याचे आटे कातरले जावेत असं धरलं, तर नटाची उंची किती निघते? उत्तर येतं बोल्टच्या व्यासाच्या ०.४ पट. प्रत्यक्षातला नट ०.८ पट असतो, म्हणजे दुप्पट. तेव्हा आटे जाण्याची काळजी नको, असं म्हणून पुस्तक पुढे सरकतं. हे पुस्तक वापरणाऱ्या विद्यार्थ्याने आदल्या एखाद्या वर्षी एन. डी. भट यांच्या ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’वरून षट्‌कोनी नट कागदावर काढलेला असतो. तिथे नटाची उंची थेट बोल्टच्या व्यासाएवढी.

हा विद्यार्थी पुढे सिंगापूरला जातो. तुआसमधल्या फॅब्रिकेशन यार्डात, जुरोंग बेटावरच्या रिफायनरीत किंवा सेलेटारच्या विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये रुजू होतो आणि त्याच्यासमोर सगळेच आकडे एकदम येतात. जर्मन मापाचा नट ०.८ पट, आयएसओचा सुमारे ०.९ पट, अमेरिकी ‘हेवी हेक्स’ जवळजवळ व्यासाएवढा आणि विमानातला पातळ नट निम्म्याच्या आसपास. प्रत्येकामागे कुठली ना कुठली मानक संस्था उभी. मग ०.४ चं काय झालं?

सिंगापूरचं नाव इथे उगाच आलेलं नाही. जर्मनीत जर्मन नट मिळतो, अमेरिकेत अमेरिकी. सिंगापूरला पोलादी सांगाड्यांसाठी लागणारं बहुतेक सगळं बाहेरून येतं, आणि ठेकेदारही ब्रिटिश, जपानी, कोरियन, चिनी असे सगळीकडचे. जालान बेसारच्या आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत किंवा तुआसच्या स्टोअरमध्ये एम १६ चा नट मागितला तर तो कुठल्या घराण्याचा मिळेल याचा नेम नाही. आटा मेट्रिकच असतो, त्यामुळे कुठलाही नट कुठल्याही एम १६ बोल्टवर बिनतक्रार चढतो. गोम आहे ती तिथेच.

आधी ०.४ चा हिशेब पाहू. बोल्टचा आट्यांच्या मुळाशी असलेला व्यास बाहेरच्या व्यासाच्या ०.८ पट धरायचा. तुटण्याचं क्षेत्रफळ म्हणजे त्या मुळाचं वर्तुळ. आटे कातरले जाण्याचं क्षेत्रफळ म्हणजे त्याच व्यासाचा, नटाच्या उंचीएवढा दंडगोल. पोलादाची कातरण्याची ताकद ओढण्याच्या ताकदीच्या निम्मी. समीकरण मांडलं की उंची मुळाच्या व्यासाच्या निम्मी, म्हणजे बोल्टच्या व्यासाच्या ०.४ पट. गणितात चूक नाही. पण त्यात तीन-चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत आणि त्यातली एकही नटाला ठाऊक नाही.

पहिलं गृहीत, सगळे आटे सारखा भार उचलतात. तसं होत नाही. बोल्ट ओढला जाताना लांबतो आणि नट दाबला जाताना आखडतो, त्यामुळे नटाच्या बसणाऱ्या तोंडाकडचा पहिला आटा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त ताणला जातो. दहीहंडीच्या मनोऱ्यात खालच्या थराची जी गत होते, तीच पहिल्या आट्याची. जे. एन. गुडियर यांनी १९४० साली आणि डी. जी. सॉपविथ यांनी १९४८ साली या वाटपाचा अभ्यास मांडला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत फिरणारा ढोबळ हिशेब असा: सहा आट्यांच्या नटात पहिला आटा एकूण भाराचा सुमारे तिसरा हिस्सा घेतो आणि पहिले तीन मिळून सत्तर टक्क्यांच्या वर. शेवटचा आटा जवळजवळ हजेरीपुरता. पोलाद मऊ असेल तर पहिला आटा थोडा वाकून भार पुढच्यांकडे ढकलतो आणि तुटण्याच्या वेळेपर्यंत वाटणी बरीच समान होते. म्हणून स्थिर भाराखाली हे गृहीत अगदीच टाकाऊ ठरत नाही.

दुसरी गोष्ट नटाच्या फुगण्याची. मेट्रिक आट्याची बाजू तिरकी असते, साठ अंशांच्या कोनातली. त्यामुळे बोल्टचं ओढणं नटाला नुसतं वर रेटत नाही, बाहेरही ढकलतं. नटाचं बसणारं तोंड घंटेच्या कडेसारखं किंचित पसरतं, आटे एकमेकांपासून सुटे होतात आणि एकमेकांत अडकलेला भाग कमी होतो. नटाची भिंत जितकी पातळ, तितकं हे जास्त. शिवाय आटे दोन्ही बाजूंनी वाकतात. आणि नटाच्या दोन्ही तोंडांना, बोल्ट सहज शिरावा म्हणून, आतून उतार दिलेला असतो. त्या उतारात गेलेला आटा उंचीत मोजला जातो, कामाला येत नाही.

हे सगळं मिळून किती फरक पडतो ते मानकांच्या तक्त्यातच दिसतं. आयएसओचा एम १६ चा साधा नट जास्तीत जास्त १४.८ मिलिमीटर उंच असतो. त्याच मापाचा पातळ नट, ज्याला कारखान्यात चेकनट म्हणतात, ८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर व्यासाच्या निम्मा. दोन्ही सारख्याच कडकपणाचे घेतले, म्हणजे साधा ‘१०’ वर्गाचा आणि पातळ ‘०५’ वर्गाचा, तर साध्याचा खात्रीचा भार सुमारे १६५ किलोन्यूटन आणि पातळाचा ७८.५. उंची ५४ टक्के, भार ४८ टक्के. दोन्ही तोंडांच्या उतारात आटे सारखेच वाया जातात, त्याची झळ पातळ नटाला जास्त बसते. आता ०.४ चा नियम खरा असता तर ०.५ उंचीच्या या नटाने १०.९ वर्गाचा एम १६ बोल्ट तोडून दाखवायला हवा होता. तो बोल्ट तुटतो सुमारे १६३ किलोन्यूटनला. नटाची खात्री त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. ‘०५’ मधलं ते सुरुवातीचं शून्य याचसाठी आहे: हा नट बोल्टची पूर्ण ताकद पेलणार नाही, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

नटाची ही खात्री कशी करतात तेही पाहण्यासारखं आहे. नट खऱ्या बोल्टवर चढवत नाहीत. तो चढवतात कडक केलेल्या, रॉकवेल सी मोजमापावर किमान ४५ कडकपणाच्या आटेदार दांड्यावर, म्हणजे दांडा आधी दबणार नाही. ठरलेला भार १५ सेकंद धरून ठेवतात आणि सोडतात. मग नट हाताने फिरून निघाला पाहिजे. अडला तर सुरुवातीला पान्याने अर्ध्या फेऱ्यापर्यंत फिरवायची सवलत आहे, त्यापुढे बोटांनीच. नट तुटला नाही एवढं पुरत नाही; आट्यांनी आपला आकार सोडला नाही हेही सिद्ध व्हावं लागतं.

उंचीचा खरा प्रश्न मात्र ‘किती भार पेलेल’ एवढ्यावर थांबत नाही. जास्त आवळलं तर काय मोडलं पाहिजे, हा तो प्रश्न आहे. बोल्ट-नट जोडीला मरण्याचे तीन रस्ते आहेत: बोल्ट तुटतो, बोल्टचे आटे जातात किंवा नटाचे आटे जातात. बोल्ट तुटला तर आवाज येतो, पाना हातात ढिला पडतो, समोरच्या माणसाला कळतं. आटे जातात तेव्हा तसं होत नाही. आटे हळूहळू दबतात, पाना अजून फिरतोय म्हणून कामगार फिरवत राहतो, आणि शेवटी नट जागेवर असतो, बोल्टही जागेवर असतो, फक्त त्यांच्यात पकड उरलेली नसते. गॅरेजमधला मेकॅनिक ऑइलच्या ड्रेन बोल्टबद्दल ‘आटे गेले’ म्हणतो तेव्हा त्याला हाताला कळलेलं असतं. दोनशे बोल्टांचा सांधा तपासणाऱ्या निरीक्षकाला ते डोळ्यांनी दिसत नाही.

ई. एम. अलेक्झांडर यांनी १९७७ साली अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सपुढे मांडलेला निबंध या विषयातला मैलाचा दगड. त्यांनी बोल्ट तुटणं, बोल्टचे आटे कातरणं आणि नटाचे आटे कातरणं या तिन्ही ताकदी वेगळ्या काढण्याची रीत दिली, आणि त्यात नटाचं फुगणं, आट्यांचं वाकणं, नट व बोल्ट यांच्या पोलादाच्या ताकदीचं गुणोत्तर, आट्यांच्या मापातली सूट, हे सगळं हिशेबात घेतलं. आयएसओच्या नटांच्या मानकाचा, आयएसओ ८९८ च्या दुसऱ्या भागाचा, पाया हाच. त्यातली एक अट मोठी बोलकी आहे. माप, कडकपणा सगळं परवानगीच्या खालच्या टोकाला असलेल्या जोड्या घेतल्या तरी, गरजेपेक्षा जास्त आवळल्यावर त्यांतल्या किमान १० टक्के बोल्ट तुटून मोडल्या पाहिजेत. शंभरातले दहा बोल्ट तुटले की आवळणाऱ्याला आपली पद्धत चुकतेय हे समजतं. सगळेच गुपचूप आट्यांत गेले तर कोणालाच काही समजत नाही. म्हणजे नटाची उंची इशाऱ्याचा विचार करून ठरवली आहे, नुसत्या ताकदीचा नाही.

इशाऱ्याची किंमत सिंगापूरला वेगळ्या संदर्भात मोजावी लागली. २० एप्रिल २००४ रोजी सर्कल लाइनसाठी निकोल हायवेशेजारी चाललेलं खोल खोदकाम कोसळलं आणि चार जण मृत्युमुखी पडले. तिथे दोष नटाचा नव्हता. खोदकामाच्या भिंतींना आधार देणाऱ्या आडव्या पोलादी तुळया जिथे टेकत होत्या, तो सांधा हिशेबापेक्षा बराच कमकुवत निघाला. शिवाय आधीच्या पट्ट्यांऐवजी सी-चॅनेलचे तुकडे बसवल्यामुळे तो सांधा भार ओलांडताच हळूहळू न वाकता झपाट्याने ताकद सोडत होता. चौकशी समितीने या ठिसूळ वागण्याकडे बोट दाखवलं. सांधा कितीला मोडतो याच्याइतकंच तो कसा मोडतो हे महत्त्वाचं, हे पोलादाच्या कामातलं जुनं सूत्र आहे आणि नटाची उंची त्याच सूत्राचं सर्वांत लहान उदाहरण.

आता जर्मन नटाकडे. जुन्या जर्मन मानकाप्रमाणे, म्हणजे डिन ९३४ प्रमाणे, एम १२ चा नट १० मिलिमीटर उंच, एम १६ चा १३, एम २० चा १६. आयएसओ ४०३२ मध्ये हेच आकडे जास्तीत जास्त १०.८, १४.८ आणि १८. एम १६ ला दोन मिलिमीटरला एक आटा पडतो, तेव्हा फरक जेमतेम एका आट्याचा. एका आट्याने काय होतंय, असं कोणालाही वाटेल.

होतं ते असं. जुन्या पद्धतीत ‘८’ वर्गाच्या नटाची चाचणी बोल्टच्या नावातल्या ताकदीवर, म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनवर होत असे. एम १६ चं ताणाचं क्षेत्रफळ १५७ चौरस मिलिमीटर. भार झाला १२५.६ किलोन्यूटन. ८.८ वर्गाच्या एम १६ बोल्टची किमान तुटण्याची ताकदही नेमकी तेवढीच. किमान हा शब्द महत्त्वाचा आहे. कुठलाही कारखाना किमानाच्या काठावर बोल्ट बनवत नाही. प्रत्यक्ष बोल्ट त्याहून ताकदवान निघतो. म्हणजे बोल्ट चांगला निघाला की नट हरलाच. आयएसओने म्हणून एम १६ च्या ‘८’ नटाचा भार १३८ किलोन्यूटनवर नेला आणि तो पेलायला उंची वाढवली. मधल्या काळात कारखान्यांत बोल्ट त्याच्या लवचीकतेच्या टोकापर्यंत आवळायच्या पद्धती आल्या होत्या, आणि तिथे जुन्या नटाला जागाच उरत नव्हती.

दोन्ही नटांवर ‘८’ असा आकडा असतो. फरक ओळखायचा तर जर्मन मापाच्या नटावर आकड्याच्या दोन बाजूंना उभ्या रेघा असायला हव्यात. या रेघा सांगतात की हा नट आयएसओच्या हिशेबातला नव्हे. जस्ताच्या थराखाली त्या रेघा बुजल्या किंवा निर्मात्याने उमटवल्याच नाहीत, तर उरतं व्हर्नियर. पान्याचं माप काही व्यासांना मदत करतं: एम १० ला जर्मन पाना १७ चा आणि आयएसओचा १६ चा, एम १२ ला १९ आणि १८. एम १६ ला मात्र दोन्हीकडे २४. सर्वांत जास्त खपणाऱ्या मापांपैकी एक, आणि तिथेच पाना काही सांगत नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असो की सिंगापुरात, ठोक विक्रीत दोन घराण्यांचे नट एकाच खोक्यात पडलेले दिसले तर नवल वाटू नये.

सिंगापूरच्या बांधकाम नियामकाने, म्हणजे बिल्डिंग अँड कन्स्ट्रक्शन अथॉरिटीने, हा गोंधळ कागदावर तरी बांधून ठेवला आहे. बीसी १ नावाची त्यांची मार्गदर्शिका २००८ मध्ये निघाली आणि २०१२ मध्ये सुधारून आली. ब्रिटिश वा युरोपीय नियमांनी आखलेल्या इमारतीत अमेरिकी, जपानी, ऑस्ट्रेलियन, चिनी पोलाद वापरायचं तर कोणत्या अटींवर, हे ती सांगते. आणि पत्रे-तुळयांबरोबर बोल्ट, नट, वायसर यांचाही हिशेब ठेवते. २०१३ ते २०१५ या दोन वर्षांत सिंगापूर जुन्या ब्रिटिश नियमांवरून युरोकोडवर गेलं. जगातल्या फार थोड्या देशांना इतक्या घराण्यांचे नट एका कागदावर आणावे लागले असतील. अशा मार्गदर्शिकेतली कामाची शिस्त म्हणजे बोल्टाबरोबर त्याच्याच जोडीचा नट. यादी पाळली की उंचीचा प्रश्न आपोआप सुटतो. यादी मोडते ती बहुधा शनिवारी दुपारी, दहा नट कमी पडले म्हणून कोणीतरी जवळच्या दुकानात गेलं की.

उंची वाढवणं हा एकच उपाय नाही. नट जास्त कडक केला तरी भार वाढतो. पण कडक करायला भट्टी लागते, तेलात बुडवावं लागतं, पुन्हा तापवावं लागतं. आयएसओमध्ये साध्या नटापेक्षा सुमारे दहा टक्के उंच असा आणखी एक प्रकार आहे, एम १६ ला १६.४ मिलिमीटरचा. त्याच्या जन्मामागे हिशेबी डोकं आहे: थोडं पोलाद जास्त घाला, उंची वाढवा आणि काही वर्गांत भट्टीचा खर्च वाचवा. लाखोंनी नट पाडणाऱ्या कारखान्याला पोलाद स्वस्त की इंधन, हा सवाल नटाच्या उंचीत उतरतो. वर्गात शिकवताना हा पैशाचा भाग सहसा गाळला जातो, ते बरोबर वाटत नाही.

जुरोंग बेटावर मात्र कंजुषीला जागा नाही. सात छोटी बेटं भराव घालून जोडलेलं हे रासायनिक उद्योगांचं बेट १४ ऑक्टोबर २००० रोजी औपचारिकपणे सुरू झालं. तिथल्या पाइपांच्या फ्लँजवर बसतात ते बी ७ जातीचे आटेदार स्टड आणि २ एच जातीचे हेवी हेक्स नट, दोन्ही अमेरिकी मानकांचे. एक इंची हेवी नटाची उंची ६३/६४ इंच, म्हणजे जवळजवळ व्यासाएवढी. साध्या एक इंची नटाची ५५/६४. हेवी नट रुंदीलाही जास्त, म्हणजे फुगायला कमी तयार. या दोहोंचा परिणाम एका ओळीत दिसतो: त्याच २ एच पोलादाच्या हेवी नटाची चाचणी चौरस इंचाला १,७५,००० पाउंडांवर होते आणि साध्या नटाची १,५०,००० वर. बी ७ स्टडची किमान ताकद १,२५,०००. एन. डी. भट यांच्या चित्रातला व्यासाएवढा नट इथे प्रत्यक्षात भेटतो.

इतकी चैन कशासाठी? शटडाउनमध्ये हेच नट काढून पुन्हा लावले जातात, पाइप तापतात, स्टड हायड्रॉलिक यंत्राने ओढून ताणले जातात. आटे गेलेला नट गॅसच्या फ्लँजवर कोणालाच परवडत नाही. पण उंच नटाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यात स्टड पूर्ण भरलेला असतो. रिफायनरीतल्या पाइपांसाठीच्या अमेरिकी संहितेत, बी ३१.३ मध्ये, यावर नेमकी सवलत आहे: बोल्ट नटातून पार जायला हवा, आणि नाहीच गेला तर एका आट्यापेक्षा जास्त कमतरता चालणार नाही. युरोपच्या पोलादी बांधकामात उलट, नटाबाहेर किमान एक आटा दिसलाच पाहिजे. बोल्टची लांबी मोजताना वायसर आणि रंगाचा थर धरायचा राहून गेला की उंच नट विकत घेऊन त्याचा वरचा मजला रिकामाच राहतो.

इमारती आणि पुलांच्या ताणून आवळलेल्या बोल्टांत युरोप स्वतःच दोन गटांत विभागलेला आहे. ब्रिटन-फ्रान्सकडची एचआर पद्धत आणि जर्मनीकडची एचव्ही पद्धत, दोन्ही एकाच युरोपीय मानकाच्या, ईएन १४३९९ च्या, वेगवेगळ्या भागांत. एचआरमध्ये बोल्टवर आट्यांची लांबी जास्त आणि नट तुलनेने उंच. जास्त भार आला की बोल्ट लांबून तुटावा ही अपेक्षा. एचव्हीमध्ये आट्यांची लांबी कमी आणि नट ०.८ पट, तिथे लवचीकपणा नटात अडकलेल्या आट्यांच्या दबण्यातून येतो. म्हणजे अलेक्झांडरच्या मांडणीत जे टाळायचं, तेच एचव्हीच्या रचनेत गृहीत धरलेलं. दोन्ही पद्धतींनी उभे राहिलेले पूल नीट उभे आहेत, त्यामुळे कोणाला सरसकट चूक ठरवता येत नाही. एचव्हीचा नट एचआरच्या बोल्टवर चढवणं मात्र दोन्ही पक्षांना अमान्य, आणि आटा सारखा असल्यामुळे तो चढतो.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत आणखी एक पैलू पुढे आला. जोडल्या जाणाऱ्या पत्र्यांच्या आत, नटाखाली, बोल्टचे किती आटे मोकळे राहतात यावर मोडण्याचा प्रकार बदलतो. मोकळे आटे पुरेसे असले की बोल्ट तिथे लांबून, बारीक होऊन तुटतो. ते फारच कमी असले की तेच नट-बोल्ट आट्यांत जातात. नटाची उंची तीच, पोलाद तेच. फरक फक्त बोल्टचा गुळगुळीत भाग नटाच्या किती जवळ आलाय याचा. उंचीच्या कुठल्याच तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही.

विमानांकडे वळलं की सगळा हिशेब वजनाशी येऊन भिडतो. तिथे बोल्ट ओढला जाणार की आडवा कापला जाणार, हे आधी ठरतं. ओढीच्या जागी पूर्ण उंचीचा एएन ३६५ नट, आडव्या भाराच्या जागी पातळ एएन ३६४. आडव्या भारात नटाचं काम बोल्ट निसटू न देण्यापुरतं, म्हणून उंची निम्म्यावर आणून वजन वाचवतात. पातळ नट ओढीच्या जागी लावणं हा विमान दुरुस्तीतला मोठा गुन्हा मानला जातो.

पकड उंचीने मिळते तशी आट्यांच्या खोलीनेही मिळते, आणि खोली गेली तर उंची काही वाचवत नाही. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं आणि ते वाचले. त्याआधीच्या एका रात्रपाळीत नवी काच बसवताना वापरलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने किंचित लहान होते. तपासात एक बारकावा निघाला: पकड नसलेले आटे एकमेकांवरून घसरताना हाताला जो धक्का बसतो, तो टॉर्कच्या स्क्रूड्रायव्हरच्या ‘क्लिक’सारखाच वाटला. बोल्ट आवळले गेले असं समजून काम पुढे गेलं.

अलास्का एअरलाइन्सच्या २६१ क्रमांकाच्या विमानात नट लहान नव्हता. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणाऱ्या स्क्रूवरचा तो लांबलचक ब्राँझचा नट होता. वंगण नीट न झाल्यामुळे त्याचे आटे सुमारे ९० टक्के झिजले, उरलेले कातरले गेले आणि ३१ जानेवारी २००० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलेल्या त्या विमानातले सगळे ८८ जण गेले. नटाची उंची शेवटपर्यंत तेवढीच होती.

उंचीने काय होत नाही याची यादीही सांगायला हवी, कारण ‘जाड नट घाला’ हा सल्ला फार सहज दिला जातो. वारंवार कमी-जास्त होणाऱ्या भाराने बोल्ट थकून तुटतो तो बहुधा नटातल्या पहिल्या आट्याच्या मुळाशी. नट आणखी उंच केला तर वरचे आटे आणखी निवांत होतात. पहिल्याचा भार फारसा हलत नाही. तिथे नटाचा आकार बदलणं, बसणाऱ्या तोंडाजवळ खाच देणं किंवा मऊ धातूचा नट वापरणं जास्त फळतं. थरथरीने नट सैल होण्यावरही उंचीचा उपाय चालत नाही. गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिलं की सांधा आडवा सरकला की आट्यांतलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि नट आपोआप फिरतो. त्यावर औषध म्हणजे बोल्ट पुरेसा ताणून सांधा सरकू न देणं.

याच संदर्भात चेकनटाची जुनी भानगड येते. दोन नट एकमेकांवर आवळायचे तेव्हा पातळ वर की खाली? कित्येक कारखान्यांत जाड नट आधी आणि पातळ वरून टोपीसारखा बसवतात. दिसायलाही ते बरं दिसतं. पण वरचा नट खालच्यावर घट्ट आवळला की खालच्या नटाच्या आट्यांवरचा भार सुटतो आणि सगळी ओढ वरच्याकडे जाते. म्हणून पातळ नट खाली, कमी आवळून, आणि पूर्ण उंचीचा वर. उलट लावलं तर सांध्याचा सगळा भार ०.५ उंचीच्या नटावर लटकतो, आणि त्याची खात्री किती ते वर आलंच आहे.

सिंगापूरच्या दमट, खाऱ्या हवेत आणखी एक घटक उंचीच्या मुळावर येतो, तो म्हणजे जस्त. उघड्यावरचे बोल्ट वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. आट्याच्या तिरक्या बाजूंवर थर बसल्याने आट्याचा मधला व्यास थराच्या जाडीच्या चौपट वाढतो; ५० मायक्रॉनचा थर म्हणजे ०.२ मिलिमीटर. तेवढी जागा करायला नटात मुद्दाम मोठा टॅप मारतात. जागा झाली, पण आट्यांची एकमेकांत शिरलेली खोली घटली, म्हणजे ताकदही घटली. ब्रिटिश पोलादी बांधकामात म्हणून जस्ताच्या ८.८ बोल्टला ‘८’ चा नट न देता ‘१०’ चा देतात. उंची तीच ठेवून कडकपणाने भरपाई. कारखान्यातून जोडीने आलेला नट या हिशेबातून गेलेला असतो. साइटवर साधा नट जस्ताच्या बोल्टवर चढत नाही म्हणून कोणी हातानेच टॅप फिरवला, तर किती खोली गेली हे ना नटावरच्या आकड्यावरून कळतं, ना व्हर्नियरवरून: एम १६ चा नट तेव्हाही १४.८ मिलिमीटरच भरतो. ते कळायचं तर आट्यांचं गेज लागतं, आणि ते सहसा ऑफिसच्या कपाटात असतं.